पाइनची वाढ थबकली आहे : खत घालू की झाडे काढू?

सुईपान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चौदा वर्षांपूर्वी लॉब्लॉली पाइनचे (ही मूळची अमेरिकेतली जात) रोपवन लावले. अंतर २.५ × २.५ मीटर, म्हणजे हेक्टरी १,६०० रोपे. पहिली दोन वर्षे तण हटवले, मर झाली तिथे नांग्या भरल्या. झाडांनीही कष्टाचे चीज केले, सातव्या-आठव्या वर्षापर्यंत नुसती धाव होती.

मागच्या महिन्यात वाऱ्याने एक मध्यम झाड उन्मळून पडले. छातीच्या उंचीवर कापून वलये मोजली. बारा भरली. गाभ्याजवळची सहा सरासरी ८ मिलिमीटर रुंद. पुढची चार त्याच्या निम्मी. शेवटची दोन जेमतेम ३ मिलिमीटर. ती चकती घरात ठेवली आहे, येता-जाता नजर जाते आणि काळजी वाटते.

जमीन थकली असावी असा माझा समज आहे. नत्र आणि स्फुरद किती द्यावे, कोणत्या हंगामात द्यावे, हे कुणी सांगेल का? मला लगद्याचे लाकूड नको, चिराईचे जाड ओंडके हवे आहेत. त्यासाठी थांबायची तयारी आहे.

मृद्गंध

खताचा विषय निघाला म्हणून आधी खताच्या बाजूने बोलतो, कारण पाइनच्या बाबतीत ही बाजू खरोखर भक्कम आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात रेडिएटा पाइनची रोपवने खुरटत होती, शेंड्याला सुयांचे झुबके येत होते. १९३० च्या दशकात लक्षात आले की मातीत जस्त नाही. जस्ताच्या द्रावणाची फवारणी केली आणि झाडे सावरली. बोरॉन कमी पडले तर कोरड्या हंगामात शेंडा मरतो, झाड दुबेळके होते आणि सरळ खोडाची आशा संपते. स्फुरद नसलेल्या जमिनीत पाइन वर्षानुवर्षे कमरेएवढाच राहू शकतो.

त्याहून मूळची गोष्ट मुळांवरच्या बुरशीची. पोर्तो रिकोत पाइन लावायचे प्रयत्न वारंवार फसले. बी रुजायचे, रोपे पिवळी पडून मरायची. १९५० च्या दशकात पाइनच्या जंगलातली माती आणून रोपांना दिली तेव्हा ती जगली, कारण त्या मातीत पाइनच्या मुळांशी सहजीवन करणारी बुरशी होती. स्फुरद आणि पाणी मुळांपर्यंत ओढून आणण्याचे मोठे काम ती करते. जिथे पूर्वी पाइन कधीच नव्हता, तिथे रोपवाटिकेतच याची खात्री करावी लागते.

आता तुमच्या चकतीकडे येतो. मातीत मुळातच उणीव असती तर पहिली सहा वलये ८ मिलिमीटरची झाली नसती. मात्र झाडांचे डेरे एकमेकांना भिडले की नत्राची मागणी वाढते आणि जमीन तितके पुरवू शकत नाही, हेही लॉब्लॉलीत नेहमी दिसते. म्हणून अंदाजाने पोती रिकामी करू नका. झाडाची वाढ थांबलेल्या हंगामात, डेऱ्याच्या वरच्या तिसऱ्या भागातल्या, गेल्या हंगामात पहिल्या फुटीला आलेल्या सुया तोडून तपासायला द्या. नत्र साधारण १.२ टक्क्यांच्या खाली आणि स्फुरद ०.१० ते ०.१२ टक्क्यांच्या खाली असेल तर खताचा विचार करू.

रानडेरा

सुईपान, एक प्रश्न. रोपवनात उभे राहून वर पाहिले का? हिरवा डेरा किती उरला आहे?

खोडाची जाडी वाढते ती सुयांनी बनवलेल्या अन्नातून. झाड हे अन्न आधी शेंडा, नवी पालवी आणि मुळे यांना देते, खोडाच्या जाडीचा नंबर शेवटचा. म्हणून दाटी झाली की उंची जवळपास तशीच वाढत राहते आणि जाडी मात्र थांबते. लांबून पाहणाऱ्याला रोपवन छान वाढतेय असेच वाटते. वलयांना मात्र खरे काय ते कळते.

पुढचे काही ठरवण्याआधी एवढे करा. ५.६४ मीटर लांबीची दोरी घ्या. एका खुंटीभोवती ती फिरवली की बरोबर १०० चौरस मीटरचे वर्तुळ होते. आतली जिवंत झाडे मोजा, त्या आकड्याला शंभराने गुणा, हेक्टरी झाडे मिळाली. प्रत्येकाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर घ्या. काही झाडांची एकूण उंची आणि सर्वांत खालच्या हिरव्या फांदीची उंची मोजा. अशी वर्तुळे निदान दहा तरी हवीत, आणि ती सोयीच्या जागी नव्हे तर ठरावीक पावलांवर घ्या. नाहीतर पाय आपोआप चांगल्या झाडांकडेच वळतात.

नवी_रोपे

माझे रोपवन अजून लहान आहे, चार वर्षांचे. पण वाचतेय. दोरीची युक्ती टिपून ठेवली.

सुईपान

दोन दिवस मोजणीत गेले. दहा वर्तुळांत १४५ झाडे, म्हणजे हेक्टरी १,४५०. सरासरी घेर ५० सेंमी, व्यास सुमारे १६ सेंमी. सरासरी उंची १४ मीटर, मोठ्या झाडांची १५. हिरव्या फांद्या साडेनऊ मीटरनंतर सुरू होतात. खाली सगळा सुक्या काटक्यांचा गुंता. इतकी वर्षे त्यातून फिरतोय, पण वर मोजून पाहावे असे कधी सुचले नव्हते.

रानडेरा

तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे.

१४ मीटरच्या झाडावर साडेचार मीटर हिरवे. म्हणजे उंचीच्या ३२ टक्के. पाइनमध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये. १६ सेंमी व्यासाच्या खोडाचा छेद ०.०२०१ चौरस मीटर, गुणिले १,४५०, म्हणजे हेक्टरी साधारण २९ चौरस मीटर छेदक्षेत्र (सगळ्या खोडांच्या छेदांची बेरीज). दुसरी कसोटी अशी : १०,००० ला मोठ्या झाडांच्या उंचीने आणि हेक्टरी झाडांच्या वर्गमुळाने भागायचे. झाडांमधले अंतर उंचीच्या किती टक्के आहे ते कळते. तुमचे १७.५ टक्के येते. वीसच्या खाली गेले की दाटी डोक्यावरून गेली असे मी धरतो.

तुमच्या रोपवनाला विरळणी, म्हणजे काही झाडे काढून उरलेल्यांना जागा देणे, हवी आहे, आणि ती दोन-तीन वर्षांपूर्वी व्हायला हवी होती. हे दुखवायला म्हणत नाही. उशिराची किंमत कुठे मोजावी लागते ते समजावे म्हणून सांगतो. सावलीत मेलेली फांदी पुन्हा फुटत नाही. लॉब्लॉलीचा डेरा खालच्या बाजूने परत येत नाही. आज मोकळीक दिली तर डेऱ्याचा तळ आहे तिथेच थांबेल आणि शेंडा वर सरकेल. वर्षाला मीटरभर उंची धरली तर चार वर्षांत १८ मीटरच्या झाडावर साडेआठ मीटर हिरवे, म्हणजे ४७ टक्के. गेलेले तसेच भरून निघते, दुसरी वाट नाही. आणखी चार वर्षे थांबलात तर आहे तेही आखडत जाईल.

या विषयातला माझा आवडता प्रयोग दक्षिण आफ्रिकेतला. १९३५ मध्ये वनशास्त्रज्ञ ओकॉनर यांनी पाइनचे प्रयोग-पट्टे आखले. सगळीकडे सुरुवात दाट, हेक्टरी २,९६५ झाडांची. मग झाडे एकमेकांना जाचू लागण्याच्या आधीच काही पट्टे विरळ करत नेले, कमीत कमी १२४ झाडांपर्यंत. उंचीत फारसा फरक नाही. जाडीत मात्र जमीन-अस्मानाचा. त्याच देशात क्रेब यांनी १९३९ मध्ये लवकर आणि भरपूर विरळणीची शिफारस केली. तोवर युरोपातून आलेली शिकवण सावकाश, हलक्या हाताच्या विरळणीची होती. थंड प्रदेशातल्या स्कॉट्स पाइनला शंभर वर्षांच्या आसपासचे आवर्तन (लावणीपासून तोडीपर्यंतचा काळ) मिळते, तिथे ती चालत असेल. तीस वर्षांत तोडायच्या झाडाला इतका वेळ कुठून आणायचा?

ओंडका

थोडा विरोध नोंदवतो. विरळणीने वाढ वाढते असे सगळे सरसकट म्हणतात, ते बरोबर नाही. हेक्टरी एकूण घनफळ विरळणीने वाढत नाही. जमीन, पाणी आणि ऊन ठरलेले आहे. तेवढ्यातून जितके लाकूड व्हायचे ते दाट रोपवनात बहुतेक होतच असते, फक्त ते जास्त खोडांत वाटले जाते. लगदा किंवा सरपण हवे असेल तर दाट लावा, विरळणी न करता लवकर तोडा, यात काही चूक नाही. शिवाय फार मोकळ्या झाडाला जाड फांद्या येतात आणि लाकडात मोठ्या गाठी पडतात.

रानडेरा

ओंडका, पहिला मुद्दा पूर्ण मान्य, आणि तो स्पष्ट मांडलात हे बरे झाले. विरळणी लाकूड निर्माण करत नाही. कोणत्या खोडांवर ते साठेल एवढेच ती ठरवते. सुईपान यांना जाड ओंडके हवे आहेत म्हणून इथे हा निर्णय. गाठींची भीती मात्र इथे लागू नाही. साडेनऊ मीटरपर्यंतच्या फांद्या आधीच मेल्या आहेत, त्या आता जाड होणार नाहीत. गाभ्याचे कच्चे, हलके लाकूडही पहिल्या दहाएक वलयांत बनून गेले. यापुढची रुंद वलये पक्क्या लाकडाची असतील.

वाराभूल

विरळणीला माझा पाठिंबा आहे, पण माझा अनुभव ऐकून घ्या.

माझ्याकडेही असेच उशीर झालेले रोपवन होते. झाडे सुमारे १७ मीटर उंच आणि छडीसारखी. मी एका दमात निम्म्याहून जास्त काढली. रोपवन इतके सुंदर दिसायला लागले की रोज संध्याकाळी जाऊन उभा राहायचो. दुसऱ्याच वर्षी वादळ आले. सकाळी गेलो तर मधला सगळा भाग एका दिशेला झोपला होता. काही मुळासकट, काही मध्यावर मोडलेली. झाडे मोडल्यावर राळेचा जो वास सुटतो, तो त्या दिवसापासून मला सोसत नाही.

दाट रोपवनात झाडे एकमेकांना टेकून वारा झेलतात. त्यांना स्वतःच्या पायावर उभे राहायची सवय नसते. अचानक मोकळी केली की पहिली काही वर्षे सर्वांत धोक्याची. खोड खाली जाड व्हायला आणि मुळे पसरायला तेवढा वेळ लागतो. उंचीला व्यासाने भागा, दोन्ही एकाच मापात. ८० च्या वर गेले की सावध, १०० च्या पुढे फार धोका. तुमची सरासरी १,४०० भागिले १६, म्हणजे ८७. दोन टप्प्यांत जा. फ्रान्समधल्या लांद प्रदेशात मॅरिटाइम पाइनचे अफाट पट्टे आहेत. जानेवारी २००९ च्या क्लाउस वादळात तिथे आणि आसपास ४ कोटी घनमीटरहून जास्त लाकूड आडवे झाले. तसल्या वाऱ्यापुढे कोणतेच गणित टिकत नाही, पण साध्या वार्षिक वाऱ्यासाठी तरी झाडे तयार ठेवता येतात.

सुईपान

वाराभूल, वाचून पोटात गोळा आला. इतके मोकळेपणाने लिहिलेत, मनापासून आभार. माझी मोठी झाडे १५ मीटर उंच आणि सुमारे २० सेंमी व्यासाची आहेत, म्हणजे ७५. मग ती जास्त सुरक्षित ना?

वाराभूल

हो, आणि ठेवायचीही तीच. विरळणी खालून करा, म्हणजे दबलेली, बारीक, वाकडी आधी काढा. बारीक झाडे "अजून वाढतील" म्हणून ठेवून जाड झाडे आधी विकायचा मोह होतो. तसे केले तर मागे उरतात ती सर्वांत नाजूक झाडे, आणि वारा त्यांचीच वाट पाहत असतो.

रानडेरा

वाराभूल यांचे ऐकून आकडे मांडतो. आता १,४५० वरून ९०० वर या, चार-पाच वर्षांनी डेरे भिडताना दिसले की ५५० च्या आसपास. ९०० वर अंतराचे प्रमाण २२ टक्के येते. बारीक झाडे गेल्याने उरलेल्यांचा सरासरी व्यास १७ सेंमी धरला तर छेदक्षेत्र २० चौरस मीटरच्या जवळ राहील. झाडे ३८ टक्के गेली तरी छेदक्षेत्र साधारण ३० टक्केच उतरते.

लाकूड बाहेर काढायला वाट लागतेच. दर पाचवी ओळ पूर्ण काढली तर २९० झाडे तिथेच गेली. उरलेली २६० मधल्या चार ओळींतून निवडायची. ही निवड तोडणाऱ्यांच्या हातात करवत असताना करू नका. आधी स्वतः फिरून रंगाने खुणा करा, आणि काढायच्या झाडावर नव्हे, ठेवायच्या झाडावर करा. नजर चांगल्या झाडाच्या शोधात राहिली की त्याला कोण जाचतेय ते आपसूक दिसते. दुबेळकी, कलती, बुंध्याला गाठाळ सूज असलेली झाडे जाऊ द्या. एक फांद्यांनी माजलेले आडदांड झाड चार सरळ झाडांची जागा खात असते. ते जाड आहे म्हणून जीव गुंतवू नका.

बुडखा

विरळणीनंतर मागे उरणाऱ्या बुडख्यांबद्दल कुणी बोलले नाही, म्हणून लिहिते. ताज्या कापलेल्या बुडख्यावर हेटेरोबॅसिडिऑन बुरशीचे बीजाणू हवेतून येऊन बसतात, मुळांत उतरतात आणि जिथे दोन झाडांची मुळे एकमेकांना भिडतात तिथून शेजारच्या जिवंत झाडात जातात. विरळणीनंतर काही वर्षांनी गटागटाने झाडे मरू लागतात आणि कारण कळत नाही. वाळूच्या, निचऱ्याच्या जमिनीत हा धोका जास्त. इंग्लंडमध्ये वनस्पतिरोगतज्ज्ञ रिशबेथ यांनी याचा मार्ग शोधला : कापल्या कापल्या बुडख्यावर निरुपद्रवी फ्लेबिऑप्सिस बुरशीचे बीजाणू लावायचे. ती आधी जागा बळकावते आणि रोगाला वाव राहत नाही. युरिया किंवा बोरॅक्सही वापरतात. काहीही वापरा, पण त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी लावले तर बऱ्याचदा बीजाणू आधीच पोहोचलेले असतात.

आणि विरळणी टाळणाऱ्यांसाठी : ऑस्ट्रेलियाच्या ग्रीन ट्रँगल भागात १९८७ ते १९८९ दरम्यान सायरेक्स गांधीलमाशीने पन्नास लाखांहून जास्त रेडिएटा मारले. तिचा पहिला घाव दबलेल्या, तहानलेल्या झाडांवर पडतो, आणि तिथली बरीच रोपवने वेळेवर विरळ झालेली नव्हती.

मृद्गंध

बुडखा यांना अनुमोदन. माझी एक कळकळीची विनंती : फांद्या, शेंडे, सुया तिथेच पसरून राहू द्या, पेटवू नका. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात रेडिएटाचे दुसरे आवर्तन पहिल्यापेक्षा कमी वाढते हे १९६० च्या दशकात लक्षात आले. तोडीनंतरचा पाला जाळल्याने जमिनीतला सेंद्रिय अंश आणि नत्र निघून जात होते, ओलही टिकत नव्हती. पाला राखला, तण आवरले, तेव्हा ती घट थांबली. झाडातले बरेचसे अन्नद्रव्य सुयांत आणि बारीक फांद्यांत असते, खोडाच्या लाकडात थोडे. खोड न्या, बाकीचे जमिनीला परत द्या.

खताचे उत्तर आता देतो. सुयांच्या अहवालात कमतरता निघाली तर विरळणीनंतर एक-दोन वर्षांनी द्या, डेऱ्याला पसरायला जागा झाल्यावर. लॉब्लॉलीत अशा वेळी हेक्टरी सुमारे २२५ किलो नत्र आणि २८ किलो स्फुरद देतात, आणि त्याचा गुण साधारण आठ वर्षे दिसतो. युरिया थंड हंगामात द्या, उन्हात नत्र हवेत उडून जाते. आज दाटीत खत दिलेत तर ती बारीक झाडे आणखी थोडी उंच होतील आणि आणखी छडीसारखी.

नवी_रोपे

माझ्या चार वर्षांच्या झाडांच्या फांद्या आत्ताच छाटू का? म्हणजे पुढे गाठी येणार नाहीत.

रानडेरा

चिराईचे स्वच्छ लाकूड हवे असेल तर हो, पण हात आखडता. वरची निम्मी उंची हिरवी राहिलीच पाहिजे. एका वेळी हिरव्या डेऱ्याचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नको. दोन-तीन फेऱ्यांत ६ मीटरपर्यंत पोहोचा. आणि शेवटपर्यंत ठेवायची तेवढीच झाडे छाटा, सगळी नव्हे. फांदीच्या बुडाशी जो फुगीर कंगोरा असतो त्याच्या बाहेरून कापा. खोडाला घासून कापले तर जखम भरायला फार वेळ लागतो.

सुईपान

तीन महिन्यांनी परत आलोय. धागा वर काढतोय, कारण काम झाले.

सुयांचा अहवाल आला : नत्र १.१ टक्के, स्फुरद ०.१२. म्हणजे मृद्गंध म्हणाले तसे नत्र कमीच आहे, पण ते पुढच्या वर्षी थंडीत. खुणा करायला सहा दिवस लागले. पहिल्या दिवशी एकेका झाडाशी अडखळलो. हाताने लावलेले, पाणी घातलेले झाड काढायचे हे मनाला पटायला वेळ लागतो. तिसऱ्या दिवसापासून मात्र खालचे खोड बघणे सुटले आणि नजर आपोआप वर जायला लागली, कुणाच्या शेंड्याला कुठे जागा आहे ते शोधत. बुडख्यांना त्याच दिवशी बोरॅक्स लावले. पाला सगळा आत आहे, चालताना पाय अडकतात, पण राहू दे.

नवी मोजणी हेक्टरी ९१०. दुपारी जमिनीवर उन्हाचे कवडसे पडतात, आठ वर्षांत पहिल्यांदाच.

रोपवनाच्या कडेचा एक तुकडा मुद्दाम विरळणी न करता ठेवला आहे. दोन्हीकडची प्रत्येकी वीस मोठी झाडे निवडून १.३ मीटरवर पांढरा पट्टा ओढला आणि घेर वहीत लिहिले. दर वर्षी याच आठवड्यात त्याच पट्ट्यावर टेप धरून मोजेन, आणि दोन्हीकडचे आकडे इथेच टाकेन.

वाराभूल

मोठ्या वाऱ्यानंतर प्रत्येक वेळी चक्कर मारा. कललेली झाडे दिसली तर लगेच लिहा.